वाचक विचारतात: नव्या टीव्हीवर चेहरे लालभडक काऊन दिसतात?

प्रश्न: दादा, सोयाबीन विकून दिवाळीले ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला, संग पाच स्पीकरवालं होम थिएटर पण घेतलं, दुकानातल्या पोट्ट्यानं घरी येऊन सारं जोडून देल्लं. दुकानात लय झकास दिसे. घरी आणला तं माणसाईचे चेहरे लालभडक, आमची बुढी म्हणते याईले ताप आला का. रात्रीचा सीन आला का काळंकुट्ट, कोण कोणाले मारून राह्यला समजत नाही. मंग ब्राइटनेस पुरा वाढवला तं सारं धुकं धुकं झालं. न् पिक्चर लावला तरी सीरियल पाहून राह्यलो असंच वाटते. टीव्ही फॉल्टी हाय का? — एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, टीव्ही वापस करायला जाऊ नका, तो बहुतेक ठणठणीत आहे. दुकानात एका भिंतीवर डझनभर टीव्ही लागलेले असतात, वरून पांढऱ्याफटक लाइटी, आणि प्रत्येक कंपनीला वाटतं की गिऱ्हाइकाची नजर आपल्याच डब्यावर पडावी, म्हणून व्हिव्हिड नाहीतर डायनॅमिक नावाचा मोड लावून ठेवतात, त्यात रंग फुगवलेले, पांढऱ्यात निळं ओतलेलं, कडा कोरून काढलेल्या. तोच मोड तुमच्या घरी तसाच चालू आहे. आणि याचा सगळ्यात जास्त मार बसतो तो आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांना. उन्हात रापलेला शेतकऱ्याचा चेहरा असतो ना, त्यात तपकिरीच्या किती छटा असतात, त्या सगळ्या या मोडमध्ये एकच लाल थापडा होऊन जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पडद्यावर आपली माणसं आता कुठं दिसायला लागली आणि आपणच त्यांना चुकीच्या रंगात पाहतोय.

तर पहिलं काम, रिमोटवरून पिक्चर मोडमध्ये जा आणि सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर यातला जो असेल तो लावा. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये आला, पिक्चर बनवणाऱ्याने जसा रंग ठेवला तसाच दिसावा म्हणून दिग्दर्शक आणि टीव्ही कंपन्यांनी मिळून ठरवलेला, तुमच्या टीव्हीत असेल तर डोळे झाकून तोच लावा. निम्म्याच्या वर काम इथंच होतं. आणि केलेली सेटिंग थोड्या वेळाने आपोआप वापस येत असेल तर टीव्ही स्टोअर मोडवर राहिलाय समजा, मेनूत जाऊन तो होम मोडवर करा.

हा मोड लावला की घरचे सगळे म्हणतील पिवळं दिसतंय. म्हणू द्या. पिक्चर तयार होतो तेव्हा पांढरा रंग ६५०० केल्व्हिनच्या (पांढरं किती पिवळट किंवा निळसर ते मोजायचं माप) हिशोबाने धरलेला असतो, दुकानी मोडमध्ये तो नऊ-दहा हजारांच्याही पुढे निळसर जातो आणि आपल्या डोळ्याला तेवढ्यात त्याची सवय लागून जाते. याची तपासणी घरीच करता येते, आपल्याकडे जे पांढरे एलईडी बल्ब मिळतात त्यांच्या खोक्यावर पाहा, बऱ्याच वेळा ६५०० के लिहिलेलं सापडेल, तसा बल्ब लावून त्याखाली एक कोरा कागद धरा आणि टीव्हीवर पांढरं काहीतरी आणून दोन्ही शेजारी शेजारी पाहा. बल्ब काही प्रयोगशाळेतला नाही, पण टीव्हीचं पांढरं कागदापेक्षा निळं आहे का हे पोरालासुद्धा कळतं. कलर टेम्परेचर नावाची सेटिंग असते, ती वॉर्मवर ठेवा आणि आठवडाभर तिला हात लावू नका. नंतर व्हिव्हिडवर जाऊन पाहाल तर तोच निळा वाटेल.

आता धुक्याचं. ब्राइटनेस म्हटलं की आपल्याला वाटतं उजेड वाढेल, म्हणून सीन अंधारा आला की सगळ्यात आधी तिथंच बोट जातं. पण बऱ्याच टीव्हीवर ब्राइटनेस हा काळ्याचा कंट्रोल आहे, म्हणजे काळं किती काळं दिसावं ते त्यावर ठरतं, तो वाढवला की काळं राखाडी होतं आणि सगळ्या चित्रावर राख पसरते, तुम्ही ज्याला धुकं म्हणता ते हेच. पडद्यामागच्या दिव्याचा जोर म्हणजे बॅकलाइट, ती वेगळी सेटिंग. आता यात एक घोळ आहे, काही नव्या टीव्हीत कंपन्यांनी बॅकलाइटलाच ब्राइटनेस नाव देऊन टाकलं आणि काळ्याच्या कंट्रोलला ब्लॅक लेव्हल किंवा शॅडो डिटेल म्हणतात, म्हणून आधी हलवून पाहा: नुसतं काळं बदललं तर तो काळ्याचा कंट्रोल, सगळा पडदाच उजळला-मंदावला तर तो दिव्याचा.

काळं लावायचं ते रात्रीच लावा, जेवणंबिवणं आटोपून तुम्ही ज्या टायमाला पिक्चर पाहता त्याच टायमाला, खोलीत जेवढी लाइट ठेवता तेवढीच ठेवून. रात्रीचा असा सीन काढा ज्यात काळ्या केसांचा माणूस आहे, आणि पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आहेत. पॉज करा. आता तो कंट्रोल खाली खाली न्या, एका जागी केसांचा नुसता काळा गोळा होईल, बट नाही, भांग नाही, काही नाही. तिथून एकेक पॉइंट वर या. आधी कानावरचे केस सुटे होतील, मग कोटाची कॉलर खांद्यापासून वेगळी दिसेल. वरची पट्टी जशी राखाडी व्हायला लागेल तसं थांबा आणि एक पॉइंट मागे या. बस, काळं लागलं.

पांढऱ्यासाठी आपल्याकडे याहून चांगली वस्तू कुठली, वेचलेल्या कापसाच्या ढिगाचा मोबाइलने फोटो काढा, सावलीत काढा, उन्हात काढला तर फोटोतच पांढरं जळून जातं. पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावा. कॉन्ट्रास्ट पुरा वाढवला की ढिगाची एक सपाट पांढरी चादर होईल, मग कमी करत करत या जोवर एकेक बोंडाचा कापूस वेगळा दिसत नाही. फक्त या फोटोवर रंग लावायला जाऊ नका, मोबाइल स्वतःच रंगात मनमानी करतो. कलर आणि टिंट सिनेमा मोडमध्ये जिथं आहेत तिथंच राहू द्या. शार्पनेस मात्र कमी करा, बऱ्याच टीव्हीत अगदी तळाजवळ आणला तरी चालतो, त्याने बारकावा वाढत नाही, फक्त कडांभोवती पांढरी रेघ येते, आकाशासमोरची विजेची तार पाहा म्हणजे दिसेल.

सीरियलसारखं दिसण्याचं कारण वेगळंच. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांवर शूट होतो आणि टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो, त्याने हालचाल तेल लावल्यागत गुळगुळीत होते. एलजीत याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. पिक्चरसाठी बंद करा. क्रिकेटला चालू ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, माझी काही तक्रार नाही.

आणि हे सगळं केलं तरी फक्त अ‍ॅपवरचे एचडीआरवाले (म्हणजे जास्त उजेडाच्या पडद्यासाठी बनवलेले) पिक्चरच अंधारे दिसत असतील तर दोष सेटिंगचा कमी आणि पडद्याच्या उजेडाचा जास्त, कमी किमतीच्या पॅनेलमध्ये एचडीआरला लागतो तेवढा उजेडच नसतो. तेव्हा एचडीआर चालू असतानाच मेनूत जाऊन बॅकलाइट पुरा करा, डायनॅमिक टोन मॅपिंग असेल तर चालू करा, डॉल्बी व्हिजन असेल तर त्यातला ब्राइट किंवा होम नावाचा मोड घ्या. एचडीआरची सेटिंग वेगळी सेव्ह होते, तशीच बऱ्याच टीव्हीत प्रत्येक एचडीएमआय आणि अ‍ॅपची वेगवेगळी असते, म्हणून एका ठिकाणी केलं आणि दुसरीकडे तसंच राहिलं असं होतं. तुमचं चित्र होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जात असेल तर त्याच्या मेनूतली चित्राची सगळी प्रोसेसिंग बंद किंवा डायरेक्टवर ठेवा, आणि प्लेअरमध्ये आरजीबी फुल-लिमिटेड असा ऑप्शन दिसला तर तो प्लेअर आणि टीव्ही दोन्हीकडे ऑटोवर. एक म्हणतो फुल आणि दुसरा समजतो लिमिटेड, असं झालं की काळं एकतर बुजतं नाहीतर फिकं पडतं, मग तुम्ही कितीही ब्राइटनेस हलवा.

प्रश्न: आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे. जुना डब्बा टीव्ही गेला म्हणून मुलाने ४३ इंची फोर-के घेऊन दिला, पण सह्याद्रीच्या बातम्या पुसट दिसतात, माणसं रुंद दिसतात आणि खालची पट्टी अर्धी कापली जाते. जुनाच बरा होता असं वाटते. — एक भगिनी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर: ताई, तुम्हाला जे वाटतं ते खरंच आहे, त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. फ्री डिशवरचे बरेच चॅनल अजून साध्या एसडीत येतात, म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, आणि तुमच्या पडद्यावर ठिपके आहेत ३८४० गुणिले २१६०. हिशोब केला तर बरोबर वीस पट. म्हणजे एका ठिपक्याचे टीव्हीला वीस करून दाखवावे लागतात, जुन्या टीव्हीला ही उठाठेव करावीच लागत नव्हती. म्हणून एसडी चॅनल फोर-केवर कधीच काचेसारखा दिसणार नाही, पण आत्तापेक्षा नक्कीच चांगला दिसेल.

रुंद माणसांचं असं आहे की चित्राचा आकार दोन जागी ठरतो, एक फ्री डिशच्या डब्यात (सेट-टॉप बॉक्समध्ये) आणि एक टीव्हीत, आणि दोघांनीही ताणलं की चेहरा पसरतो. डब्याच्या मेनूत १६:९ करा आणि टीव्हीत पिक्चर साइज ऑटो किंवा ओरिजनल. जुना कार्यक्रम ४:३ चा असेल तर दोन्ही बाजूंना काळं राहील, ते राहू द्या, माणसं आपल्या अंगाची दिसतील. खालची पट्टी कापली जाते ती ओव्हरस्कॅनमुळे, जुन्या काळी टीव्हीच्या काचेभोवतीच्या चौकटीमागे चित्राच्या कडा झाकल्या जायच्या, ती पद्धत नव्या टीव्हीतही अजून चालू राहिली आहे. जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, फुल पिक्सेल अशा नावाचा ऑप्शन शोधा, एसडी चॅनलवर तो दिसत नसेल तर टीव्हीतला झूम बंद आहे का तेवढं पाहा.

आणि डब्यापासून टीव्हीला वायर कोणती आहे? पिवळी-पांढरी-लाल असेल आणि डब्याच्या मागे एचडीएमआयची जागा असेल तर एचडीएमआय वायर आणून लावा, त्याने कडांवरचं रंगांचं ओघळणं बंद होतं, एवढ्या स्वस्तात याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. मग शार्पनेस कमी, नॉइज रिडक्शन लो किंवा मीडियमवर, आणि जमलं तर खाट दोन-तीन फूट मागे सरकवा. एसडीला अंतर मानवतं.

प्रश्न: आम्ही मित्रांनी मिळून प्रोजेक्टर घेतला. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचे रेकॉर्डिंग अंगणात पडद्यावर लावतो, पण काळा रंग राखाडी दिसतो आणि बाजूने चित्र तिरपं येते. — युवक मंडळ, देसाईगंज, जि. गडचिरोली

उत्तर: देसाईगंज म्हणजे आपल्या वडशाच्या पोरांनी नाटकं जपून ठेवली आणि ती गावाला परत दाखवता, याचा मला मनापासून आनंद झाला.

प्रोजेक्टर काळा उजेड फेकू शकत नाही. प्रोजेक्टर बंद असताना तुमचा पडदा जेवढा काळा दिसतो त्याहून काळं त्यावर काहीच येणार नाही, मग सेटिंग कोणतीही करा. म्हणून आधी पडद्याकडे येणारे बल्ब बंद करा, खांबावरची लाइट समोर असेल तर पडद्याचं तोंड फिरवा, आणि पुरता अंधार पडल्यावरच सुरू करा. दुसरं, पडदा लहान करा. रुंदी दुप्पट केली की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, बारा फुटांच्या फिक्या पडद्यापेक्षा आठ फुटांचा ठसठशीत पडदा मागच्या रांगेलाही बरा दिसतो. तिरप्यासाठी कीस्टोन (तिरपं चित्र मेनूतून सरळ करायची सेटिंग) वापरत असाल तर ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा, त्यात चित्र आतल्या आत दाबलं जातं आणि बारकावा कमी होतो, त्यापेक्षा प्रोजेक्टर पडद्याच्या बरोबर मधोमध आणि सरळ ठेवा. मोड अंधारात सिनेमाच, डायनॅमिकमध्ये बऱ्याच लॅम्पच्या प्रोजेक्टरवर हिरवट झाक येते.

नाटकाच्या रेकॉर्डिंगमध्ये चेहरे पांढरे जळालेले असतील तर ते तुमच्याकडून दुरुस्त होणार नाही, कॅमेऱ्यातच तसं उतरलंय. पुढच्या सीझनला कॅमेरावाल्याला सांगा, एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) ऑटोवर ठेवू नको, स्टेजवरच्या लाइटमधल्या चेहऱ्यावर धरून लॉक कर. मागचा पडदा थोडा अंधारा येईल, येऊ द्या, लोक चेहरे पाहायला येतात.

मळणीच्या दिवसांत फिल्टर वरचेवर साफ करा, धुळीने तो बुजला की उजेड मंदावतो आणि आतून तापून मशीन बंद पडतं. बहुतेक प्रोजेक्टर ३५-४० डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, म्हणून मे महिन्यात संध्याकाळी हवा उतरेपर्यंत थांबा.

प्रश्न: संध्याकाळी चित्र आपोआप कमी-जास्त होते. व्होल्टेजमुळे का? स्टॅबिलायझर घेऊ का? — एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर: बहुतेक व्होल्टेज नाही. आजकालच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्टमध्ये चित्र सारखंच ठेवतो. एनर्जी सेव्हिंग, इको सेन्सर, ऑटो ब्राइटनेस, जे जे ऑटो दिसेल ते बंद करून एक संध्याकाळ पाहा. स्टॅबिलायझर चित्रासाठी नको, पण तुमच्याकडे रात्री मोटारी बंद झाल्यावर व्होल्टेज २५० च्या वर चढत असेल तर टीव्हीच्या जिवासाठी घ्या, आणि त्याआधी अर्थिंग तपासून घ्या. विजा कडाडायला लागण्याआधीच प्लग काढा आणि डिशची वायरही काढा, नुसता बटन बंद करून भागत नाही. कुलरचा झोत टीव्हीच्या मागे जात असेल तर कुलर दुसऱ्या खिडकीत हलवा, ओल्या हवेने मागचे पोर्ट गंजतात.