आधी रब्बाय, मग वर्दी

प्रश्न: आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मुलगा दहा वर्षांचा असताना ठाण्याहून न्यू जर्सीला आलो. आता सगळे अमेरिकेचे नागरिक आहोत. मुलगा कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू होऊन अमेरिकी सैन्यात चॅप्लेन, म्हणजे धर्मगुरू-अधिकारी व्हायचंय. रोज पाठीवर ओझं घेऊन पळतो. लहानपणी ठाण्यात त्याला दम्याचा पंप लागायचा, इथे आल्यापासून कधीच लागला नाही. ऑफिसर ट्रेनिंगची तयारी कशी करावी? त्याला बंदूक चालवावी लागेल का?
– एक आई

उत्तर: ताई, शालोम.

बंदुकीचं आधी सांगते, कारण तुमचा जीव तिथेच अडकलेला दिसतो. अमेरिकी सैन्यातला चॅप्लेन शस्त्र बाळगत नाही. सोबत एक सहायक सैनिक असतो, शस्त्र त्याच्याकडे. पण युद्धभूमीवर जावं लागतं. १९४३ च्या फेब्रुवारीत 'डॉर्चेस्टर' हे जहाज बुडालं, तेव्हा रब्बाय अलेक्झांडर गुड आणि तीन ख्रिस्ती चॅप्लेन यांनी आपापली लाइफ जॅकेट सैनिकांना दिली आणि चौघेही जहाजाबरोबर गेले. या नोकरीत हेही येतं. मुलाशी यावर एकदा मोकळेपणाने बोला.

आता तयारी. तो पळतोय ते उत्तमच, पण सुरुवात शेवटच्या टोकाकडून झालीय. दक्षिण कॅरोलिनात फोर्ट जॅक्सनला लष्कराचं चॅप्लेन प्रशिक्षण होतं, ते काही आठवड्यांचं. तिथवर पोचायला मात्र काही वर्षं जातात. आधी पदवी, मग धर्मशिक्षणाचा किमान ७२ क्रेडिटचा पदव्युत्तर अभ्यास आणि रब्बाय म्हणून रीतसर दीक्षा. त्यानंतर मान्यताप्राप्त ज्यू संस्थेचं शिफारसपत्र. कोण रब्बाय आणि कोण नाही, हे सैन्य ठरवत नाही, ही संस्था ठरवते. पुढे कधी तिने शिफारस काढून घेतली, तर चॅप्लेनचं पदही जातं. जेडब्ल्यूबी ज्यूइश चॅप्लेन्स कौन्सिल ही यातली जुनी संस्था. ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म अशा सगळ्या पंथांच्या रब्बायांना ती शिफारस देते. मुलाने पहिलं पत्र तिथे पाठवावं. बाजारपेठेतल्या भरती केंद्रात शिरून कशावरही सही करू नये. तिथलं मुख्य काम साध्या शिपायांच्या भरतीचं. चॅप्लेनांसाठी भरती अधिकारी वेगळे असतात. रब्बायचं शिक्षण चालू असतानाच 'चॅप्लेन कँडिडेट' म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपद मिळू शकतं. ती वाट मला त्याच्यासाठी योग्य वाटते.

शिक्षणसंस्था कोणती, हा प्रश्न तुमच्या घरासाठी जास्त नाजूक आहे. कोकणात आपल्याकडे हझान (प्रार्थना म्हणणारे) आणि काजी (विधी आणि तंटे पाहणारे) होते, रब्बायांची परंपरा नव्हती. अमेरिकेतल्या बहुतेक सेमिनरींमधलं वातावरण अश्कनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंच्या वळणाचं. मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य), एलियाहू हनाबीचा (प्रेषित एलियाहूचा) नवस हे तिथे कुणाला ठाऊक असेलच असं नाही. त्याने ते लपवू नये, आग्रहाने सांगावं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतलेच होते, हे त्याला माहीत आहे का? पंथ मात्र भरती सोपी व्हावी म्हणून निवडू नये. तो घरी जसा शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळतो, त्याच्याशी जुळणारी संस्था घ्यावी.

आणि सगळ्यात कठीण तयारी वेगळीच आहे. सैन्यात ज्यू सैनिक थोडे. त्याच्या तुकडीत बहुतेक ख्रिस्ती असतील, काही मुस्लिम, हिंदू, काही कुठलाच धर्म न मानणारे. रात्री दोन वाजता एकोणीस वर्षांचा बॅप्टिस्ट मुलगा दारात उभा राहील, घरी आजी गेलीय म्हणून. त्याला बाप्तिस्मा देणं किंवा येशूच्या नावाने प्रार्थना करणं हे रब्बायचं काम नाही. पण त्याच्यासाठी पाद्री शोधून देणं हे त्याचं कर्तव्य आहे, आणि पाद्री येईपर्यंत त्याच्याजवळ बसणंही. तो मुलगा जे बोलेल ते गोपनीय. कमांडरलाही सांगता येत नाही. हे पळण्याच्या सरावाने येत नाही, पुस्तकातूनही नाही. याच सुट्टीत जवळच्या हॉस्पिटलच्या चॅप्लेन विभागात स्वयंसेवक म्हणून नाव घालू द्या. परक्या धर्माच्या रुग्णाच्या खाटेशी उपदेश न करता अर्धा तास बसणं जमतंय का, ते तिथे कळेल. नाही जमलं, तर हॉस्पिटलही सोडावं आणि सैन्याचा विचारही.

शरीराच्या चाचणीत दोन मैल धाव आहे, पण वजन उचलणं, प्लँक आणि दंडही आहेत. दंड आपल्यासारखे नाहीत. दर वेळी छाती जमिनीला टेकवून हात दोन्ही बाजूंना पसरायचे, परत आणायचे, मग उठायचं. नुसतं पळून हे येणार नाही. किप्पाची चिंता नको, गणवेशावर नीटनेटकी टोपी घालायची मुभा १९८७ च्या कायद्याने दिलीय. कोशर (ज्यू आहारनियमांनुसारचं) पाकीटबंद जेवणही मिळतं. दाढीचे नियम बदलत असतात. त्याला दाढी ठेवायची असेल, तर शपथेआधी परवानगी लेखी घ्यावी.

सुरक्षा तपासणीच्या अर्जात परदेशातले जवळचे नातेवाईक लिहावे लागतात. ठाण्यातले असोत, इस्राएलमधले असोत, काही गाळू नका. दम्याचंही तेच. तेराव्या वाढदिवसानंतर दमा असेल तर वैद्यकीय तपासणीत अडतं, खास सवलत मागावी लागते. पंप त्याच्या आधीच सुटला असेल तर बहुधा अडचण नाही, पण ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. ठाण्याच्या डॉक्टरांकडे त्याची जुनी फाइल असेल, तर या महिन्यातच मागवून घ्या.