कावीळ निघाली आणि बाळाला ॲडमिट करा म्हणाले तर

अगं, चौथ्या दिवशी नुसतं तपासायला गेलात आणि 'बिलिरुबिन (रक्तातलं कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) वाढलंय, आजच ॲडमिट करा' ऐकलं, की पायाखालची जमीन सरकतेच. माझ्या लेकीच्या वेळी मी ओपीडीतच रडले होते. तुझं काही चुकलेलं नाही. नवजात बाळाची कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच चढते.

कावीळ उतरवायला बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात; डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर फक्त लंगोट, बघवत नाही. पण त्या प्रकाशानेच बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शी-शूवाटे बाहेर पडतं. म्हणून दूध सर्वांत महत्त्वाचं: दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा. झोपलं असेल तर तळवे चोळून उठव. घरचे म्हणाले तरी कोवळ्या उन्हावर भागवू नकोस. तुझा आणि बाळाचा रक्तगट फाईलमध्ये आहे ना, बघ. घरी सोडताना पुन्हा रक्त कधी तपासायचं, ते विचारूनच नीघ.