गुलमर्गला स्कीइंगला निघालास? मग हे वाच

ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल, धावणं अशी सलग शर्यत) तयारी चालू असताना आठवडाभर पोहणं नाही, सायकल नाही, म्हणून जीव खालीवर करू नकोस. केलेली मेहनत आठ दिवसांत वाहून जात नाही. खरी गडबड होते ती दिवसभर स्की करून संध्याकाळी वर ट्रेनिंगही रेटल्याने.

उतारावर गुडघे वाकवून वेग आवरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाहेर येतं. मी पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना कठड्याला धरून, आडवा आडवा उतरलो होतो. त्यामुळे तिथे स्क्वॉट्स वगैरे अजिबात नकोत.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. पुण्यातला सहाचा पेस (सहा मिनिटांत एक किलोमीटर) तिथे धरायला गेलास तर हार्ट रेट आभाळाला भिडेल. घड्याळ बॅगेत टाक आणि गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने २०-२५ मिनिटं पळ, तेही दोनदाच. पहाटे रस्त्यावर बर्फाची गुळगुळीत काच झालेली असते, ऊन चढल्यावर निघ.

पोहण्यासाठी रबरी स्ट्रेच कॉर्ड ने. खोलीत घट्ट खुंटी नसेल तर दोरीला गाठ मारून ती बंद दाराच्या फटीत अडकव (कडी लाव, नाहीतर चहावाला दार उघडेल!) आणि कोपर वर ठेवून ओढ. दहा मिनिटं पुरे.

थंडीत तहान लागत नाही, पाणी आठवणीने पी. परतल्यावर पहिले दोन दिवस फक्त हलकं पोहणं, लांब राइड पुढच्या रविवारी.