आईचं बीपी गोळीनं उतरत नाही? आधी मिशरीची डबी बघा

खानापूरच्या ताई, तुम्ही लिहिलंय की आईचं बीपी गोळी चालू असूनही खाली येईना, त्यात कोलेस्टेरॉल वाढलं, तर घाण्याचं तेल आणि अर्जुनसाल सुरू करू का? आमच्या घरात डिट्टो हेच चाललं होतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. मी डॉक्टर नव्हे. गोळी बंद करायची नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

तेलातुपाचं सगळेच सांगतात. मी वेगळंच विचारतो : आई मिशरी लावतात काय?

आम्ही निपाणीकडचे, तंबाखूच्या पट्ट्यातले. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, दुपारी टीव्हीसमोर, बोट हिरडीवर. आमच्या बायकांना हे व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. आईला दाखवत होतो त्या दवाखान्यात (नाव घेत नाही) फॉर्म भरणारा पोरगा दर खेपेला विचारायचा, "सिगरेट, दारू?" आई म्हणायची, "छे रे बाबा!" झालं, फुली मारली. एका गोळीच्या दोन झाल्या, तपासण्यांवर तपासण्या झाल्या, आणि डबी आपली कमरेलाच. वर आहाराचा छापील कागद दिला तो कन्नडात, रिपोर्ट इंग्रजीत. आईला वाचता येतं फक्त मराठी. अजून डोकं फिरतं. शेवटी दुसरीकडच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं आणि हिरड्या बघून तिथंच विचारलं. धूर नसला तरी निकोटीन हिरडीतून रक्तात जातंच. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात.

सोडताना चिडचिड होणार, आणि "मिशरीशिवाय पोट साफ होत नाही" हे ऐकावं लागणार. त्यावर भांडू नका. ज्वारीची भाकरी, हुलग्याची आमटी, पालेभाजी, भरपूर पाणी असं चालू ठेवा. कडधान्यातल्या चोथ्यानं वाईट कोलेस्टेरॉल उतरायलाही मदत होते. डबीत आम्ही भाजलेली जवस आणि बडीशेप भरून दिली, हाताला चाळा हवा असतो.

मिठाचं म्हणाल तर दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा नाही. भाकरी निर्दोष, तिच्याबरोबरचा ठेचा, लोणचं, पापड, सांडगी मिरची हे खरे चोर. "सैंधव चालतं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तेही सोडियमच. आणि 'लो सोडियम' मीठ पोटॅशियमचं असतं. किडनीचा त्रास किंवा काही बीपीच्या गोळ्या असतील तर ते अंगलट येतं, विचारूनच घ्या.

घाण्याचं शेंगतेल चांगलं, पण म्हणून वाटीनं ओतायचं नव्हे. त्यापेक्षा बेकरीची खारी आणि फरसाण आधी बंद करा. अर्जुनसाल, लसणाच्या कॅप्सूल घेणार असाल तर डॉक्टरांना सांगून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नक्कीच. चालण्याचं : आई मळ्यात राबत असतील तर वेगळं चाला म्हणून त्यांना छळू नका. घरात बसून असतील तर आठवड्याला दीडशे मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं.

घरी बीपी बघायचं मशीन दंडाचं घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवा, आणि त्याआधी अर्धा तास चहा नको, मिशरी तर नकोच. आकडे तारखेसकट वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला ती वहीच डॉक्टरांपुढे ठेवा.