सिस्टर, एक विचारू? : लपवलेल्या गोळ्या

या महिन्यातली ही पत्रं वेगवेगळ्या अंकांत विभागून द्यायला मन तयार होईना. कुणी गोळी आमटीत मिसळतंय, कुणी ती डबीत तशीच राहू देतंय, कुणी सासरच्यांच्या नजरेआड गिळतंय. दुखणं, मनाचा आजार आणि व्यसन, या तिन्हींच्या औषधांवर आपल्या घरांत फार पडदा असतो. वॉर्डात असल्यापासून माझं एकच मागणं आहे. ज्याच्या पोटात गोळी जाते त्याला ती कशाची हे माहीत असावं, आणि त्याच्याजवळच्या निदान एका माणसालाही.

*प्रश्न : नवरा आठ-आठ दिवस पितो, मग आठ दिवस हात लावत नाही. ओळखीच्या मेडिकलमधून दारू सुटायची गोळी आणली, पाकिटावर डायसल्फिराम असं नाव आहे. ते पीत नव्हते तेव्हा रोज रात्री आमटीत कुस्करून द्यायला लागले. पुढे एका लग्नात प्यायले आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद झालं, छाती धडधडली, उलट्या झाल्या, चक्कर येऊन पडले. दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. मी गप्प राहिले. त्यानंतर त्यांनी घेतलेली नाही. गोळी चालू ठेवू का? (कराड तालुक्यातून)*

ताई, आजपासून बंद करा. आणि हे पत्र वाचून झालं की उरलेलं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, आमटीत घालत होते हे त्यांना स्पष्ट सांगा.

त्या रात्री काय झालं ते समजून घ्या. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य बनतं आणि मग लगेच त्याचं पुढचं निरुपद्रवी रूप होतं. ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडवतं. मग ते विष रक्तात साठतं. तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. तरुण, धडधाकट माणूस काही तासांत सावरतो, पण हृदय आधीच कमजोर असेल तर याच झटक्यात जीव जाऊ शकतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पित्त समजून उपचार केले, कारण त्यांना खरी गोष्ट ठाऊकच नव्हती. तो दोष मी त्यांना देणार नाही.

गोळी बंद केली तरी तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो, म्हणून यजमानांना हे सांगावंच लागेल. या काळात त्यांनी एक पेग घेतला तरी पुन्हा तेच होऊ शकतं. खोकल्याची काही सिरपं, तोंड धुवायची काही औषधं, यांतही अल्कोहोल असतं. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, भूक मेली, तर यकृताची तपासणी लगेच करा. या गोळीने क्वचित कावीळ होते, म्हणून ती सुरू करण्याआधी डॉक्टर यकृताची रक्ततपासणी करून घेतात. तुमच्या बाबतीत ते झालेलंच नाही.

सांगितलं तर ते चिडतील, ही भीती मला कळते. तुम्ही संसार वाचवायला हे केलंत, वाईट हेतूनं नाही, हे मी मनापासून मानते. पण एकट्यानं सांगू नका. डॉक्टरांसमोर, किंवा ज्यांचं ते ऐकतात अशा दिरांसमोर, भावासमोर सांगा. घरात हात उगारला जाईल असं वाटत असेल तर आधी मुलांना आणि स्वतःला सुरक्षित जागी ठेवा, मग बाकीचं.

डायसल्फिराम हे वाईट औषध नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण लक्षात आला आणि आजही ते वापरात आहे. पण ते काम करतं कशावर? आपण प्यायलो तर काय होईल हे माणसाला माहीत असतं, त्यावर. ज्याला माहीतच नाही त्याला ते थांबवणार कसं? यजमान स्वतः तयार झाले, दारू प्यायल्याला निदान बारा तास उलटले असले, तपासण्या ठीक आल्या, की हीच गोळी रोज सकाळी त्यांनी तुमच्यासमोर पाण्याबरोबर घ्यावी. अशी समोर घेतलेली गोळी चांगला आधार देते. हृदयविकार असेल किंवा भास होण्याचा आजार असेल तर मात्र ती चालत नाही. मग नाल्ट्रेक्सोन आहे, अॅकॅम्प्रोसेट आहे. नाल्ट्रेक्सोनने पिण्याची ओढ कमी होते. फक्त ते चालू असताना ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिनसारखी वेदनाशामकं लागू पडत नाहीत, म्हणून ऑपरेशनची वेळ आली तर आधी सांगायचं.

आणखी एक गोष्ट, आणि ही सगळ्याच घरांसाठी. रोज पिणाऱ्या किंवा सलग आठ दिवस प्यायलेल्या माणसाची दारू खोलीत कोंडून अचानक तोडू नका. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, घरच्यांना ओळखत नाही, अंग तापतं. लोक म्हणतात बाधा झाली. ही बाधा नाही, यात माणसं दगावतात, आणि ती वेळेवर दिलेल्या क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या औषधांनी वाचतात. डॉक्टर ती मोजून देतात आणि काही दिवसांत उतरवत बंद करतात. गावाकडे दारू उतरवायला ग्लुकोजचं सलाईन लावायची पद्धत आहे. त्याआधी किंवा त्याच्याबरोबर थायमिन, म्हणजे बी-1 चं इंजेक्शन गेलंच पाहिजे. नाही तर आधीच उपाशी असलेल्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाईन लावताना 'थायमिन दिलं का?' एवढं नुसतं विचारा. कुणी रागावलं तरी विचारा.

पुण्यात मुक्तांगण 1986 पासून हे काम करतंय, तिथे घरच्यांशीही बोलतात. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर फोन लावा, मराठीत बोलता येतं.

*प्रश्न : वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे, नाकातून नळी आहे. कॅन्सर हॉस्पिटलमधून मॉर्फिनच्या 10 मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी द्यायला सांगितल्यात. काका म्हणतात ही शेवटची गोळी, एकदा लावली की सवय लागते, माणूस झोपेतच जातो. म्हणून आम्ही ते फारच कण्हायला लागले तरच देतो. बाबांना व्हिटॅमिन म्हणून सांगितलंय. (नाशिक)*

बाळा, काकांना हे उत्तर वाचायला दे.

मॉर्फिन हे शेवटचं औषध नाही, तीव्र वेदनेचं औषध आहे. ते कधी द्यायचं हे वेदना ठरवते, किती दिवस उरलेत ते नाही. ते घेऊन माणसं कामावरही जातात. कण्हेपर्यंत थांबलात तर वेदना इतकी चढलेली असते की तीच गोळी अपुरी पडते. म्हणून घड्याळाप्रमाणे द्यायची: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाला डॉक्टर बहुतेक वेळा दुप्पट द्यायला सांगतात, म्हणजे मध्यरात्री दोनला कुणाला उठावं लागत नाही. तुमच्या कागदावर तसं लिहिलंय का पाहा, नसेल तर विचारून घ्या. मधेच कळ आली तर जादा किती द्यायची हेही लिहून घ्या. जादा गोळी लागली की वहीत वेळ टाका. पुढच्या भेटीत डॉक्टर ती वही पाहून डोस बदलतील.

साधी गोळी बारीक कुटून, पाण्यात विरघळवून नळीतून देता येते, नंतर नळी पाण्यानं धुवायची. पण पाकिटावर एस.आर. लिहिलं असेल तर कुटायची नाही. बारा तासांत हळूहळू सुटायचं औषध कुटल्यावर एकदम अंगात जातं आणि तिथे खरा धोका आहे.

पहिले दोन-तीन दिवस ते झोपतील. कित्येक रात्रींची झोप राहिलेली असते. मळमळ झाली तर तीही बहुधा आठवड्यात ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, मॉर्फिन चालू आहे तोवर राहतं. म्हणून बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं रेचक पहिल्या दिवसापासून हवं. इसबगोल नको. पाणी कमी जाणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्याचा घट्ट गोळा होतो. मी वॉर्डात पाहिलंय, दुखणं आटोक्यात आलेला पेशंट केवळ शौचाला होत नाही म्हणून मॉर्फिन नको म्हणतो, आणि घरच्यांना वाटतं औषध मानवलं नाही.

सवयीबद्दल. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं, उतरवत आणायचं. पण नशेसाठी धडपडणं हे वेगळं, आणि वेदनेसाठी मोजून घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये ते क्वचितच दिसतं. झोपेत जातील ही भीतीही योग्य डोसात खरी ठरत नाही. धोक्याच्या खुणा मात्र पाठ करा: हलवूनही नीट जागे होत नाहीत, श्वास मिनिटाला दहाच्या खाली आला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, अंगाला झटके येतात. मग पुढची गोळी द्यायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. लघवी कमी झाली असेल तरी कळवा, कारण मूत्रपिंड थकलं की मॉर्फिन अंगात साठतं.

गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणायला जा. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीमुळे मॉर्फिन दुकानांतून जवळपास नाहीसंच झालं. 2014 च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं केलं, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळायचं नाही. घरात कुलुपात ठेवा, उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत करा.

आणि बाबांना खरं सांगा. आपल्या दुखण्यावर काय चाललंय हे त्यांना कळलं की दुखतंय किती हेही ते खरं सांगतील.

*प्रश्न : जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तोंडी परीक्षेत विचारलं, मॉर्फिनचं इंजेक्शन देण्याआधी काय पाहशील? मी रक्तदाब म्हटलं. (लातूर)*

रक्तदाब पाहायचाच, पण आधी श्वास आणि पेशंट किती जागा आहे ते. श्वास मंदावायच्या आधी गुंगी वाढते, म्हणून तिच्याकडे डोळा ठेव. श्वास मोजतेय हे पेशंटला कळू देऊ नकोस, कळलं की तो वेगळा श्वास घेतो. मनगट धरून नाडी मोजत असल्यासारखी बस आणि छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहा. बाराच्या खाली असेल तर इंजेक्शन थांबव आणि डॉक्टरांना कळव. मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन दिल्यावर पेशंट डोळे उघडून बोलला तरी निर्धास्त होऊ नकोस. नॅलॉक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी संपतो आणि पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. तासभर नव्हे, कित्येक तास लक्ष लागतं. दोन कुलुपांच्या कपाटातून अॅम्प्यूल काढतेस तेव्हाच रजिस्टर भर, ड्यूटी संपताना नव्हे.

*प्रश्न : बायपोलर आजारासाठी लिथियम घेते. तीन वर्षं छान आहे. लग्न झालंय, नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही. त्या यंदा आळंदीपासून वारीला नेणार आहेत. एकादशीला निर्जळी करतात. चालेल का? (सोलापूर)*

वारी चालेल, निर्जळी नाही.

लिथियम हेही एक क्षार आहे. मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. रक्ततपासणीत साधारण 0.6 ते 1.0 या पातळीवर ते तुम्हाला सांभाळतं, दीडच्या वर गेलं की विषबाधा. हे अंतर किती थोडं आहे पाहा. सुमारे अडीचशे किलोमीटरची चाल, घाम, वाटेत एखाद-दुसरा जुलाबाचा दिवस, आणि वर निर्जळी, यात ते सहज पार होतं. उपवास करा, पण पाणी भरपूर प्या आणि पदार्थांत मीठ असू द्या. सैंधव चालतं. जेवणातलं मीठ रोजच्याइतकंच ठेवा, एकदम वाढवूही नका.

दुसरी गोष्ट पायांची. दिंडीत पाय दुखले की कुणीतरी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन काढून देतंच. घेऊ नका, त्यांनी लिथियमची पातळी चढते. पॅरासिटामॉल घ्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी कुणी सुरू केली तर आधी लिथियमचं नाव सांगा.

हात बारीक थरथरणं तुम्हाला सवयीचं असेल. पण कप धरवत नाही इतकं थरथरलं, उलट्या-जुलाब लागले, चालताना तोल गेला, बोलताना जीभ अडखळली, तर पुढची गोळी थांबवून थेट दवाखाना. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, गोळी स्वतःहून सोडू नका.

सासूबाईंना वारीआधी सांगावं असं मला वाटतं, आणि नवऱ्यानं सोबत असावं. नाहीच जमलं, तर दिंडीतल्या एका बाईला तरी विश्वासात घ्या आणि पिशवीत औषधाचं नाव, डोस आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. निघण्याच्या आठवडाभर आधी पातळी तपासून घ्या. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर.