वीज जाते तेव्हा पाणीही जाते : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मृग नक्षत्राच्या तोंडावर कोल्हापूर परिसरातून या सदराकडे आलेल्या पत्रांतून एकच काळजी पुन्हा पुन्हा व्यक्त झाली आहे : महापुरात किंवा वादळी पावसात वीज आणि पाणी दोन्ही बंद झाल्यावर घर कसे चालवायचे? त्यांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आम्ही शाहूपुरीत एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमच्या घरात पाणी शिरले नाही. परंतु वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते आणि टँकरमागे धावताना सगळ्यांची दमछाक झाली. यंदा इन्व्हर्टर घ्यावा की जनरेटर, यावर घरात एकमत होत नाही. सुरुवात कशापासून करावी? (एक गृहिणी, शाहूपुरी)

उत्तर : सुरुवात पाण्यापासून करावी; इन्व्हर्टर आणि जनरेटरचे पुढच्या उत्तरात पाहू. अंधारात चार दिवस काढता येतात, पाण्यावाचून एक दिवसही निघत नाही. आपल्या शहराचे दुर्दैव असे की, ज्या दिवशी पंचगंगा घाट सोडून रस्त्यावर येते, त्याच दिवशी घरातला नळ कोरडा पडतो. शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडी ही उपसा केंद्रे नदीकाठी आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा ही केंद्रे पाण्यात सापडून शहराचा पाणीपुरवठा थांबला. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट जलवाहिनीमुळे नदीकाठच्या केंद्रांवरचे अवलंबन आता कमी झाले आहे. पण धरणाचे पाणी उपसणारे पंपही विजेवरच चालतात, आणि आपल्या इमारतीच्या तळटाकीतून गच्चीवर पाणी चढवणारी मोटरही विजेवरच चालते. त्यामुळे वीज गेली की पाणी जाणार, हे गृहीत धरूनच तयारी केली पाहिजे.

किती पाणी साठवावे, याचा हिशेब सोपा आहे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला साधारण ५ लिटर लागते. हातपाय धुणे, भांडी आणि शौचालय धरले तर काटकसरीने १५ लिटर तरी लागतेच. चार माणसांच्या घराला पाच दिवसांसाठी ३०० लिटर पाणी हवे आणि त्यातील १०० लिटर पिण्याचे, झाकलेले, वेगळे ठेवलेले हवे. पिण्याचे पाणी घागरी, कळश्या आणि झाकणाच्या कॅनमध्ये, तर वापरायचे पाणी बॅरेलमध्ये भरावे. एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो : २०० लिटरचे भरलेले बॅरेल म्हणजे दोन क्विंटलांहून अधिक वजन होते, ते बाहेर काढलेल्या गॅलरीच्या टोकाला ठेवू नये, घरात, भिंतीलगत ठेवावे.

अपार्टमेंटमध्ये सर्वांत मोठा साठा गच्चीवरच्या टाकीत असतो आणि वीज गेल्यावर तोच सर्वांत आधी संपतो, कारण प्रत्येक घर 'आत्ता भरून ठेवू' म्हणून नळ सोडते. सभासदांनी पावसाळ्याआधीच बसून असे ठरवावे की, पुराचा इशारा मिळताच टाकी काठोकाठ भरायची, वीज गेल्यावर टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तासच उघडायचा. हा निर्णय अंधारात, जिन्यात उभे राहून होत नाही. तो मे महिन्यातच झालेला असला पाहिजे.

शौचालयासाठी आणि धुण्यासाठी पावसाचेच पाणी वापरावे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे ५० चौरस मीटर गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस झाला तर १००० लिटर. गळती-उडती वजा जाता ८०० लिटर तरी हाती लागते. पन्हाळीचा पाइप बॅरेलमध्ये सोडायची सोय करून ठेवावी, सुरुवातीचे गढूळ पाणी वाहू द्यावे आणि बॅरेलवर फडके बांधावे, म्हणजे डास होणार नाहीत.

ही सगळी तयारी कधी सुरू करावी, हे आपल्या अंगणातला पाऊस पाहून ठरवू नये. शहरात रिमझिम असते, आणि गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे कोसळलेला पाऊस कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीतून प्रयाग चिखलीपाशी एकत्र येऊन मग आपल्याकडे पोहोचतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. माझे स्पष्ट मत असे की, पातळी ३९ फुटांकडे चालली की घरातले प्रत्येक भांडे भरायला घ्यावे. ४३ फुटांची वाट पाहणाऱ्याला टँकरच्या रांगेत उभे राहावे लागते.

पाणी उकळण्यासाठी गॅस लागतो, म्हणून भरलेले जोड सिलिंडर जुलैच्या आरंभीच घरात असावे. २० लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण पाव किलो गॅस जातो, म्हणजे पाच दिवसांना सव्वा किलो. एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तेव्हा त्याची चिंता नको. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट तसेच ठेवावे आणि गढूळ असेल तर आधी गाळून घ्यावे. महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला की भाजी आणि पेट्रोल येणे थांबते, हे आपण दोनदा पाहिले आहे. म्हणून ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ असे न शिजवता किंवा थोड्या शिजवणीत भागणारे पदार्थ आठवडाभराचे असू द्यावेत.

प्रश्न : आमचे घर राजारामपुरीत उंचावर आहे, त्यामुळे पुराची भीती नाही, पण वळवाच्या वादळात झाड तारांवर पडले की वीज जाते आणि पुराच्या वेळी तर ती दिवसेंदिवस येत नाही. आमच्याकडे १५० अँपिअर-अवर बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. दुकानदार म्हणतात तो दिवसभर चालतो, पण प्रत्यक्षात तो पाच तासांत संपला. बॅटरी खराब आहे का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : बॅटरी बहुधा चांगली आहे; तिच्याकडून अपेक्षा जास्त होती. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास, अर्थात १.८ युनिट. बॅटरी पूर्ण उतरू देऊ नये आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज खर्च होते, म्हणून हाती साधारण १ युनिटच धरावे. ७५ वॉटचे दोन जुने पंखे आणि ४० वॉटचे दिवे मिळून १९० वॉट झाले, म्हणजे पाच तासच.

वळवाच्या पावसात काही तासांचा प्रश्न असतो, तेथे हे चालून जाते. महापुरात मात्र उपकेंद्रात पाणी शिरते, किंवा पाण्यात वीजप्रवाह उतरू नये म्हणून महावितरणला भागच्या भाग बंद ठेवावे लागतात. तेव्हा तेच एक युनिट तीन-चार दिवस पुरवायचे असते. तेथे हिशेब असा मांडावा : ९ वॉटचे दोन एलईडी दिवे संध्याकाळी पाच तास म्हणजे ९० वॉट-तास, चार मोबाइल एकेकदा चार्ज केल्यास सुमारे ६०, कमी विजेवर चालणारा ३० वॉटचा बीएलडीसी पंखा रात्री चार तास म्हणजे १२०. एकूण २७०, म्हणजे बॅटरी जवळजवळ चार दिवस टिकते. तसेही कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवा गार असते. मच्छरदाणी लावली तर पंख्याचीही गरज उरत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःसाठी वीज खातो. १५ वॉट धरले तरी दिवसाला ३६० वॉट-तास जातात, म्हणजे वरच्या सगळ्या वापराहून अधिक. म्हणून लांबलेल्या खंडात दिव्यांची वेळ संपली की इन्व्हर्टरचेच बटण बंद करावे. बोअरची मोटर, फ्रीज आणि मिक्सर यांचा विचारही करू नये. वीज आल्यावर बॅटरी ताबडतोब पूर्ण चार्ज करावी, कारण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेली बॅटरी लवकर निकामी होते.

जनरेटर घ्यायचाच असेल तर तो इमारतीने मिळून घ्यावा, आणि चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची किंवा जनरेटरची एकच वीज घरात घेणारा स्विच) बसवल्याशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नये. तसे न केल्यास आपली वीज उलटी लाइनवर जाते आणि बंद समजून तारेला हात लावणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. पुरात छातीभर पाण्यातून आपल्यासाठी येणाऱ्या या माणसांविषयी एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे. जनरेटर घरात, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

प्रश्न : माझे वडील घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या विजेच्या यंत्रावर) आहेत आणि आईला इन्सुलिन चालू आहे. आमच्या नागाळा पार्कच्या भागात पाणी येते. त्यांच्यासाठी काय करावे? (एक मुलगी, नागाळा पार्क)

उत्तर : ताई, तुमच्या वडिलांना पुराचा इशारा मिळताच उंचावरच्या नातेवाइकांकडे किंवा रुग्णालयात हलवावे. मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणारा कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३०० ते ३५० वॉट घेतो. वर सांगितलेल्या बॅटरीवर तो तीनच तास चालेल. ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर घरात असावा, पण तो केवळ वाटेपुरता आधार समजावा. कोठे न्यायचे, कोणत्या गाडीतून आणि जिन्यावरून कोण उचलणार, हे आजच ठरवावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे; पाणी दारात येण्याआधीच तेथे कळवून ठेवावे.

आईचे वापरात असलेले इन्सुलिन बहुधा काही आठवडे थंड जागी, फ्रीजबाहेर टिकते. नेमका अवधी पेनवरील सूचनेत पाहावा किंवा डॉक्टरांना विचारावा. जास्तीचा साठा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, डबीत घालून ठेवावा. बर्फात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. न उघडलेला फ्रीज सुमारे चार तास गार राहतो, तेव्हा त्याचे दार उगाच उघडू नये.

प्रश्न : आंबेवाडीत आमच्या चार म्हशी आहेत. पुरात वीज आणि पाणी बंद होते तेव्हा जनावरांचे काय करायचे? (एक शेतकरी, आंबेवाडी)

उत्तर : दुभत्या म्हशीला दिवसाला ६० लिटरच्या आसपास पाणी लागते, चार म्हशींचे पाणी घरात साठवून भागणार नाही. त्यामुळे जनावरे आधी आणि माणसे नंतर, असा क्रम ठेवून, रस्ता उघडा असतानाच ती उंचावर न्यावीत आणि वैरण तेथे आधी पोहोचवावी. काही कारणाने मागे राहिलीच, तर दावी सोडून द्यावीत.

प्रश्न : आमचे दुधाळीतले तळमजल्याचे घर दोन्ही वेळा पाण्यात गेले. घर सोडताना आणि पाणी ओसरल्यावर विजेबाबत कोणती दक्षता घ्यावी? (एक वाचक, दुधाळी)

उत्तर : घर सोडताना मेन स्विच बंद करणे पुरेसे नाही. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद असतानाही सॉकेटमध्ये वीज असते, म्हणून तोही बंद करून बॅटरीची वायर सोडवावी आणि जमल्यास बॅटरी माळ्यावर न्यावी. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर बांधून ठेवावा. रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो. मेन स्विचकडे जाण्यासाठी पाण्यातून जावे लागत असेल, तर त्याला हात लावू नये आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवून बाहेरूनच वीज बंद करवून घ्यावी.

परतल्यावर, भिंत वरून कोरडी दिसली तरी पाइपात आणि बोर्डात ओल राहते. वायरमनकडून मेगरने (वायरीच्या आवरणातून वीज गळते का, हे मोजणाऱ्या उपकरणाने) वायरिंगची तपासणी करून घ्यावी. पाण्यात बुडालेले एमसीबी (भार वाढल्यास आपोआप पडणारे स्विच) आणि सॉकेट पुसून पुन्हा वापरू नयेत, बदलावेत. मीटर बुडाला असेल तर त्याला हात न लावता महावितरणला कळवावे. दुरुस्तीच्या वेळी सगळे बोर्ड गेल्या पुराच्या खुणेच्या वर घ्यावेत आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा. पूररेषेतल्या प्रत्येक घरात तो असलाच पाहिजे, या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी गेले, तर त्यात गटाराचे पाणीही असते, असे समजावे. ती पूर्ण उपसून, घासून, पुन्हा भरावी आणि १००० लिटरला साधारण १५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून, चुना तळाशी बसल्यावर वरचे निवळ द्रावण टाकीत घालावे. हे पाणी दिवसभर ठेवून ओतून द्यावे. पुढे रोजच्या वापराच्या पाण्याला १००० लिटरला ५ ग्रॅम पुरते आणि ते अर्ध्या तासाने वापरावे. चिखल काढताना गमबूट घालावेत, कारण उंदरांच्या मुतामुळे होणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या साध्या जखमेतूनही शिरतो. ताप आल्यास पुरात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नळाला पाणी आले तरी पहिले काही दिवस ते उकळूनच प्यावे.