दहावीच्या तोंडी परीक्षेत मुलाला २० पैकी १४ गुण दिले आहेत. शाळेकडून ते वाढवून घेता येतात का?

वर्गातील बहुतेकांना मराठीच्या तोंडी परीक्षेत १८ किंवा १९ गुण आणि तुमच्या मुलाला १४, म्हणून आपण हे विचारले आहे. शाळेने गुण मंडळाकडे पाठवण्यापूर्वी मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन मूल्यमापनाची नोंद पाहायला मागावी. निकालानंतर मिळणारी छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या सोयी लेखी उत्तरपत्रिकेसाठी असतात, आणि तोंडी परीक्षेला उत्तरपत्रिकाच नसते. त्यामुळे जे करायचे ते आत्ताच करावे लागेल. माझे मत विचाराल, तर चौकशी १४ गुणांची करण्यापेक्षा इतरांच्या १९ गुणांची करायला हवी.

मी एका तालुक्याच्या गावी २६ वर्षे मराठी शिकवले. सुरुवातीला मी तोंडी परीक्षा खरोखर घेत असे आणि ज्याला ११ गुण योग्य, त्याला ११ देत असे. मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून सांगितले, "बाई, शेजारची शाळा सरसकट १९ देते. आपल्या मुलांचे नुकसान आपणच करायचे का?" दोन वर्षे मी वाद घातला, तिसऱ्या वर्षी मीही १८ लिहू लागले. याची मला आजही लाज वाटते.

२०१६-१७ साली माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला जोडाक्षरे लिहिता येत नसत, ओळी एकमेकींवर चढत, आणि आठवीपर्यंत कोणालाच नापास करायचे नसल्यामुळे तो तसाच वर चढत आला होता. आकारिक मूल्यमापनातील, म्हणजे वर्षभर वर्गातच होणाऱ्या मूल्यमापनातील, तोंडी कामासाठी मी त्याला गावच्या बैलबाजाराविषयी बोलायला सांगितले. उपरण्याखाली हात धरून बोटांच्या खुणांनी किंमत कशी ठरते, बैलाचे दात पाहून वय कसे ओळखतात, सौदा मोडला तर दलाल कोणाची समजूत आधी काढतो, हे त्याने इतक्या नेमक्या शब्दांत सांगितले की शेजारच्या वर्गातील शिक्षक दारात येऊन उभे राहिले. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. ते मी मनापासून दिले होते, परंतु त्या वर्षी पैकीच्या पैकी गुण निम्म्या वर्गाला होते, त्यामुळे कागदावर तो इतरांसारखाच दिसला.

तो दहावीला बसला २०१९ साली, म्हणजे नेमके ज्या वर्षी मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेच्या हातातील २० गुण काढून टाकले आणि पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा घेतली. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. त्याला मराठीत २२ गुण मिळाले. जुन्या पद्धतीने मी हिशेब मांडून पाहिला: लेखीत ८० पैकी १८ धरले आणि तोंडीत प्रामाणिक १८ मिळाले असते, तर ३६ होऊन तो उत्तीर्ण झाला असता. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तोंडीचे गुण नकोत म्हणणाऱ्या तुम्हीच ना? घ्या आता." मला तोंडीचे गुण नकोत, असे मी कधीच म्हटले नव्हते, मला ते खोटे नको होते, आणि हा फरक त्यांना निवृत्तीपर्यंत समजला नाही. सगळ्या शाळांनी १९ वाटले नसते, तर ते गुण काढून टाकण्याची वेळच आली नसती, असे मी तेव्हाही म्हणत होते. पुढच्याच वर्षी २० गुण परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला आणि सगळ्यांनी पेढे वाटले. तो मुलगा तोपर्यंत मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागला होता.

माझी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. त्याला अध्ययन अक्षमता असावी, हे माझ्या लक्षात दहावीच्या दिवाळीनंतर आले. वेळेत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले असते, तर जादा वेळ आणि लेखनिक या सवलती त्याला घेता आल्या असत्या. परंतु त्यासाठी मोठ्या शहरातील रुग्णालयात चकरा माराव्या लागल्या असत्या, आणि त्याचे वडील मजुरी बुडवायला तयार नव्हते. आपल्या मुलाला लिहिण्यातच अडचण असेल, तर ही तपासणी आधी करून घ्या. चार गुणांच्या भांडणापेक्षा तिचा उपयोग अधिक आहे.

राहता राहिले ते १४ गुण. मी आपल्या मुलाला ओळखत नाही. कदाचित त्या वर्गात त्याचे बोलणे नीट ऐकून घेऊन गुण देणारे ते एकटेच शिक्षक असतील, म्हणून पत्र देण्याआधी त्यांना भेटून तो कुठे अडखळला ते विचारा. मात्र त्यांच्याकडे कसलीच नोंद नसेल आणि सगळ्यांचे गुण एका बैठकीत भरलेले दिसले, तर माझे हे सारे बाजूला ठेवा आणि पत्र त्याच दिवशी द्या, पोचही घ्या.